डिस्कोर्स की मेलिंग लिस्ट? उत्तर देणाऱ्याच्या बाजूने एक परीक्षण

सॉफ्टवेअरच्या मदतीसाठी ऑनलाइन जागा निवडायची वेळ आली की सगळे प्रश्न विचारणाऱ्याच्या बाजूने सुरू होतात. खातं उघडायला किती वेळ लागतो, मोबाइलवर नीट दिसतं का, प्रश्न नेमका कुठे टाकायचा ते नवख्याला कळतं का. हे बघायलाच हवं. पण विचारणारा माणूस बहुतेक वेळा एकदाच येतो. अडलेलं सुटलं की आपल्या कामाला लागतो, आणि त्यात काही वावगं नाही. मागे उरतात ती मोजकी माणसं, जी रोज अनोळखी लोकांचे एरर मेसेज वाचतात, ‘तुमची आवृत्ती कोणती?’ हे पुन्हा एकदा न चिडता विचारतात आणि उत्तर सापडेपर्यंत पाठपुरावा करतात. ही माणसं कंटाळली की गट संपला, मग त्याचं पान कितीही देखणं असो. म्हणून डिस्कोर्स या फोरम सॉफ्टवेअरचं हे परीक्षण मी उत्तर देणाऱ्याच्या बाजूने लिहिते आहे. तुलना आहे ती मेलिंग लिस्टशी, म्हणजे एका पत्त्यावर आलेली मेल सगळ्या सभासदांना पोचवणाऱ्या व्यवस्थेशी, विशेषतः ती चालवणाऱ्या मेलमन या सॉफ्टवेअरशी, कारण आमच्या गटाने दोन्ही मनापासून वापरलंय.

गट आहे एका मुक्त स्रोत बॅकअप सॉफ्टवेअरचा. मी त्यात कोड लिहायला नाही, मदतीला आहे. बॅकअपचे प्रश्न वेगळे असतात, कारण माणूस येतो तोच घाबरलेला. डिस्क गेलेली असते, फाइली परत हव्या असतात आणि रिस्टोर मध्येच थांबलेलं असतं. अशा वेळी कुणीतरी लगेच ‘मूळ डिस्कवर सध्या काहीही लिहू नका’ एवढं सांगितलं तरी पुढचं मोठं नुकसान टळतं. त्यामुळे प्रश्न कुणाच्या तरी नजरेला किती लवकर पडतो, याला आमच्याकडे फार किंमत आहे.

आणि नेमकी इथे मेलिंग लिस्ट सरस आहे. मेल आपल्याकडे येते, आपल्याला तिच्याकडे जावं लागत नाही. दिवसभरात जी मेल आपण तसंही उघडतो तिथेच प्रश्न दिसतो. लिस्टच्या प्रत्येक मेलमध्ये लिस्ट-आयडी नावाची ओळ असते, तिच्यावर एक फिल्टर लावला की सगळं एका फोल्डरमध्ये जाऊन बसतं. प्रत्येक मेलला स्वतःचा मेसेज-आयडी असतो आणि उत्तर देताना इन-रिप्लाय-टू व रेफरन्सेस या ओळींत आधीच्या मेलचा आयडी जातो. कोण कोणाला काय म्हणालं याचं पूर्ण झाड मेल क्लायंटला, म्हणजे मेल वाचण्याच्या अॅपला, एवढ्यावर उभं करता येतं. क्लायंट ज्याचा त्याचा, सवयीचा. विषय बघून नको असलेला थ्रेड, म्हणजे एका प्रश्नावरची मेलची साखळी, एका कळीने बाजूला सारता येतो. नेट नसताना वाचता येतं, उत्तर लिहून ठेवता येतं, नेट आलं की ते आपलं आपण निघतं. रोज ढीगभर संदेश चाळणाऱ्या माणसासाठी याहून वेगवान व्यवस्था मी पाहिलेली नाही. ज्यांनी फक्त फोरमच वापरलेत त्यांना हा वेग सांगून पटत नाही, एकदा अनुभवावा लागतो.

मेलमनची थोडी पार्श्वभूमी. मेलिंग लिस्ट आपोआप चालवणारं लिस्टसर्व्ह १९८६ मधलं, मेजरडोमो १९९२ मधलं. मेलमन नव्वदच्या दशकात जॉन व्हिएगा यांनी सुरू केलं, पुढे बॅरी वॉर्सॉ यांनी वाढवलं. ते पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं आहे आणि वेबवरून लिस्ट सांभाळता येणं हे त्याचं तेव्हाचं मोठेपण. मुक्त स्रोतातल्या असंख्य प्रकल्पांच्या मदतीचा भार मेलमनच्या २.१ या मालिकेने वर्षानुवर्षं उचलला. साधं, कमी मेमरीत चालणारं, एकदा लावलं की विसरून जावं असं.

पण त्याच्या मर्यादा उत्तर देणाऱ्यांनाच जास्त भोवतात. सगळ्यात मोठी मर्यादा ही, की गेलेली मेल गेली. ‘मदत हवी आहे’ एवढ्याच विषयाने आलेला प्रश्न त्याच विषयाने कायमचा अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या मेलच्या साठ्यात, राहतो. आत अतिशय मोलाचं उत्तर असतं, एनक्रिप्शनची किल्ली बदलल्यावर जुने बॅकअप कसे उघडायचे याचं. पण ते शोधणाऱ्या पुढच्या माणसाला विषयाच्या ओळीवरून काहीच कळणार नाही. कुणीतरी जुन्या थ्रेडवर ‘रिप्लाय’ दाबून, विषय बदलून, वेगळाच प्रश्न विचारतो. रेफरन्सेसच्या ओळी जुन्याच राहिल्यामुळे नवा प्रश्न जुन्याच्या पोटात जाऊन लपतो. आणि लॉग (सॉफ्टवेअरने केलेल्या नोंदींची फाइल) पाठवताना कुणाकडून पासवर्ड गेला तर तो परत घेण्याचा मार्गच नाही, कारण प्रत्येक सभासदाच्या मेलबॉक्समध्ये त्याची प्रत पोचलेली असते.

मेलमन २.१ सोबत येणारं पायपरमेल हे अर्काइव्ह तर महिन्यांनुसार तुकडे करून ठेवतं. एकतीस तारखेचा प्रश्न एका पानावर आणि एक तारखेचं उत्तर दुसऱ्या पानावर, दोघांना जोडणारा दुवा नाही. त्यात शोधाची सोयही नव्हती, लोक बाहेरच्या सर्च इंजिनवर अवलंबून असायचे. अर्काइव्ह नव्याने बांधलं तर संदेशांचे क्रमांक सरकू शकतात, म्हणजे आपण पूर्वीच्या उत्तरांत दिलेले दुवे भलत्याच संदेशाकडे जातात. उत्तर देणाऱ्याचं अर्धं काम म्हणजे ‘हे आधी इथे सांगितलंय’ असा दुवा देणं, आणि तोच भरवशाचा नसेल तर तेच उत्तर पुन्हा लिहिण्यात अख्खी संध्याकाळ जाते. सभासदांना दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यांचा पासवर्ड साध्या मजकुरात मेलने पाठवणं हीही २.१ ची मुळातली सवय होती. ती बंद करता येते, आणि बंदच करायला हवी.

मग २०१४ आलं. त्या एप्रिलमध्ये याहूने आपल्या मेल डोमेनसाठी डीमार्कचं (प्रेषक खरा आहे का ते तपासणाऱ्या व्यवस्थेचं) धोरण ‘रिजेक्ट’, म्हणजे तपासात न बसलेली मेल नाकारा, असं केलं आणि लगोलग एओएलनेही तेच केलं. हेतू चांगला होता, खोट्या प्रेषकाच्या नावाने येणारी मेल अडवण्याचा. पण मेलिंग लिस्ट नेमकं काय करते ते बघा. ती मूळ प्रेषकाचं नाव तसंच ठेवते, विषयाआधी चौकटी कंसात लिस्टचं नाव जोडते, खाली तळटीप लावते. त्या बदलांनी मूळ डीकिम सही, म्हणजे मेल वाटेत बदललेली नाही याची डिजिटल खूण, मोडते. मग याहूच्या पत्त्यावरून लिस्टवर आलेली मेल इतर सर्व्हर नाकारू लागले. त्या नकारांची नोंद लिस्टच्या सॉफ्टवेअरने ज्यांच्याकडे ती पोचली नाही त्यांच्या नावावर केली, आणि काही न करता सभासदांची मेल बंद पडू लागली. पुढे मेलमनने प्रेषकाच्या जागी ‘अमुक, लिस्टमार्फत’ असं लिहिण्याची सोय दिली, पण त्यामुळे थेट माणसाला उत्तर पाठवणं अवघड झालं. २०१९ मध्ये मधल्या सर्व्हरने केलेली तपासणी पुढे कळवणारं एआरसी नावाचं तंत्र प्रायोगिक आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) म्हणून आलं. तरी खुल्या लिस्टच्या मेलचा बिनघोर प्रवास २०१४ मध्ये संपला तो संपलाच. लिस्ट चालवणाऱ्याला आता मेल सर्व्हरचं बऱ्यापैकी ज्ञान लागतं, आणि मदतगटात तसा माणूस असतोच असं नाही.

डिस्कोर्स २०१३ मध्ये आलं. जेफ अॅटवुड, रॉबिन वॉर्ड आणि सॅम सॅफ्रन हे त्याचे संस्थापक. अॅटवुड म्हणजे स्टॅक ओव्हरफ्लोच्या दोन संस्थापकांपैकी एक. ते बांधलंय प्रोग्रामरांच्या ओळखीच्या साधनांवर: सर्व्हरवर रुबी ऑन रेल्स, ब्राउझरमध्ये एम्बर, डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये, जोडीला रेडिस. परवाना जीपीएल या मुक्त स्रोत परवान्याचा, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर फुकट चालवता येतं, किंवा पैसे देऊन त्यांच्याकडे ठेवता येतं. वरवर बघितलं तर ते पीएचपीबीबी या जुन्या फोरम सॉफ्टवेअरच्या पिढीतल्या फोरमचं नवं रूप वाटतं. पण आत थोडं फिरलं की कळतं, वर्षानुवर्षं लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन ज्यांची बोटं भाजलीत अशा माणसांनी हे केलेलं आहे.

सगळ्यात आधी मला भावलं ते दुरुस्त करता येणं. ‘मदत हवी आहे’ हा मथळा मी बदलून ‘किल्ली बदलल्यावर जुना बॅकअप उघडत नाही’ असा करू शकते. चर्चेत मध्येच आलेला दुसरा प्रश्न उचलून त्याचा स्वतंत्र विषय करू शकते, आणि दोन्ही ठिकाणी एकमेकांचे दुवे राहतात. तिसऱ्या माणसाने आधीच विचारलेलं असेल तर दोन विषय एकत्र करू शकते. लॉगमध्ये पासवर्ड दिसला तर तो पुसून पोस्टची जुनी आवृत्तीही लपवता येते. ऐकायला ही झाडलोट वाटेल. पण मदतगटाचं खरं धन म्हणजे जुनी उत्तरं, आणि मथळे दुरुस्त करायला लागल्यापासून आमच्याकडे तेच प्रश्न परत येण्याचं प्रमाण डोळ्यांना जाणवेल इतकं कमी झालं.

असे प्रश्न येण्याआधीच अडवायचीही व्यवस्था आहे. मथळा लिहीत असतानाच शेजारी मिळतेजुळते जुने विषय दिसतात. विचारणारा कित्येकदा पोस्ट न करताच निघून जातो, कारण त्याचं उत्तर समोरच असतं. हे लिस्टवर शक्यच नव्हतं. शिवाय प्रत्येक विभागासाठी कोऱ्या पोस्टचा साचा ठरवता येतो. आमच्या ‘रिस्टोर’ विभागात नवा विषय उघडला की आत आधीच लिहिलेलं असतं: आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, दिलेली आज्ञा, आलेला पूर्ण एरर. लोक ते भरतात. खरंच भरतात. ‘तुमची आवृत्ती कोणती?’ हा प्रश्न विचारण्यात पूर्वी अख्खा एक दिवस जायचा, कारण विचारणारा एका खंडात आणि उत्तर देणारा दुसऱ्या. तो दिवस आता वाचतो, आणि डिस्क गेलेल्या माणसासाठी एक दिवस फार मोठा असतो.

सॉल्व्ह्ड हे प्लगइन मदतगटाने सुरू करायलाच हवं. विचारणारा किंवा मॉडरेटर एखाद्या उत्तरावर ‘उपाय’ अशी खूण करतो, आणि ते उत्तर पहिल्या पोस्टच्या खालीच दिसू लागतं. सर्च इंजिनवरून आलेल्या माणसाला तीस पोस्ट वाचाव्या लागत नाहीत. माझ्या दृष्टीने त्याहून मोठा फायदा वेगळा आहे: न सुटलेले प्रश्न वेगळे काढून बघता येतात. लिस्टवर अनुत्तरित प्रश्न शांतपणे खाली सरकत जायचा आणि कुणाला पत्ता नसायचा. आता मी बसले की आधी ती यादी उघडते.

‘मलाही हेच होतंय’ या संदेशांबद्दलही सांगायला हवं. लिस्टवर असा एक संदेश म्हणजे सगळ्या सभासदांना एकेक मेल. डिस्कोर्समध्ये तिथे एक लाइक पुरतो, आणि वीस अक्षरांहून लहान पोस्ट ते मुळात घेतच नाही. त्यामुळे नुसतं ‘+१’ लिहिता येत नाही. एवढ्याशा गोष्टीने वाचणाऱ्यांचं लक्ष किती वाचतं!

आता ज्यावर माझं मत सगळ्यात ठाम आहे त्याकडे येते: मेलने भाग घेण्याची सोय. लिस्ट सोडून फोरमवर जायचं म्हटलं की जुने उत्तर देणारे हमखास विचारतात, आम्हाला रोज ब्राउझरमध्ये यावं लागणार का? डिस्कोर्सचं उत्तर आहे, नाही. ते प्रत्येक पोस्ट मेलने पाठवू शकतं, आलेल्या मेलला दिलेलं उत्तर पोस्ट म्हणून घेऊ शकतं, आणि विभागाला स्वतःचा पत्ता दिला तर मेलवरून नवा विषयही सुरू होतो. त्याच्या मेलमध्ये लिस्ट-आयडी असतो, थ्रेड जोडणाऱ्या ओळी असतात, म्हणजे जुने फिल्टर थोड्या बदलाने चालतात. खातं नसलेल्या माणसाची मेल स्वीकारायचीही सोय आहे, त्याच्यासाठी तात्पुरतं खातं आपोआप तयार होतं. घाबरलेल्या माणसाला आधी नोंदणी करायला न लावणं ही मला माणुसकीची गोष्ट वाटते, आणि आम्ही ती सोय चालू ठेवली आहे.

अडचण अशी की यातलं फारसं काही सुरुवातीपासून चालू नसतं. ‘मेलिंग लिस्ट मोड’ साइटवर मुळात बंद असतो, प्रशासकाने चालू केला की मगच प्रत्येकाला आपापल्या सेटिंगमध्ये तो दिसतो. येणारी मेल घेण्यासाठी वेगळी मेलबॉक्स किंवा मेल स्वीकारणारा कंटेनर (सर्व्हरवर वेगळा चालणारा तयार सॉफ्टवेअर-संच) लावावा लागतो. मेलवरून विषय सुरू करायला ठराविक विश्वासपातळी, म्हणजे वावर पाहून डिस्कोर्स सभासदाला देतं ती श्रेणी, लागते, ती अट सैल करावी लागते. म्हणजे घाईने बसवलेल्या डिस्कोर्समध्ये मेलप्रेमी माणसाला ही दारं बंदच दिसतात, आणि तो ‘फोरममध्ये मेल चालत नाही’ असं समजून निघून जातो. जाणारी माणसं तीच असतात, जी सगळ्यात जास्त उत्तरं देत होती. स्थलांतराचा निर्णय घेणाऱ्यांनी ही सगळी सेटिंग पहिल्या दिवसाआधी लावून, दोन-तीन जुन्या जाणत्यांकडून तपासून घ्यावीत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सगळं लावल्यावरही मेलवरचं डिस्कोर्स म्हणजे अस्सल लिस्ट नव्हे. पोस्टमध्ये नंतर केलेली दुरुस्ती मेलवाल्याला कळत नाही. सूचनांची मेल दहा मिनिटं थांबवून ठेवण्याची मुळातली व्यवस्था आहे ती यासाठीच, की लेखकाला तेवढ्यात दुरुस्ती करता यावी. मॉडरेटरने विषयाचे दोन भाग केले तरी मेलबॉक्समध्ये तो एकच राहतो. आणि मेलने आलेल्या उत्तरातून सही व जुनं अवतरण कापून टाकणारा जो भाग आहे, तो मजकुराच्या खुणांवरून अंदाज बांधतो. लॉगमध्ये रेघांच्या ओळी असल्या की असा अंदाज चुकण्याची शक्यता राहते. कापलेला भाग पोस्टखाली उघडून बघण्याचं सेटिंग आहे, ते मदतगटाने चालूच ठेवावं.

विश्वासपातळीबद्दल माझं मत मिश्र आहे. शून्यापासून चारपर्यंत पाच पातळ्या, आणि माणूस वाचत गेला की पातळी आपोआप वाढते. पहिलीसाठी पाच विषय उघडणं, तीस पोस्ट वाचणं आणि दहा मिनिटं वाचनात घालवणं एवढं पुरतं. नवख्याला दुवे आणि चित्रं टाकण्यावर मर्यादा असल्यामुळे जाहिरातबाजीला चांगला आळा बसतो. तिसऱ्या पातळीवरची माणसं इतरांचे मथळे बदलू शकतात, विषय योग्य विभागात हलवू शकतात. रोज उत्तरं देणाऱ्याला न मागता हे अधिकार मिळतात ही कल्पना फार सुंदर आहे. पण मोजमाप होतं ते साइटवरच्या वावराचं. तिसऱ्या पातळीसाठी शेवटच्या शंभर दिवसांपैकी निम्मे दिवस हजेरी हवी. जो माणूस सगळं मेलमध्ये वाचतो आणि मेलनेच उत्तरं देतो, त्याचं वाचन या हिशेबात कुठून येणार? गटातला सगळ्यात जाणता माणूस खालच्या पातळीवर राहू शकतो. प्रशासकाला हाताने पातळी वाढवता येते. ती वाढवावी, आणि त्या माणसाला तसं कळवावं. अशा माणसाला मान मिळणं गटासाठी महत्त्वाचं असतं.

वाचण्याच्या रचनेतही मूलभूत फरक आहे. मेलचा थ्रेड झाडासारखा फुटतो. डिस्कोर्सचा विषय एका सरळ रेषेत वाढतो, कोणाला उत्तर दिलंय ते छोट्या खुणेने कळतं. मदतीच्या प्रश्नाला सरळ रेषा बरी: प्रश्न, दोन-तीन उलटतपासण्या, उपाय. पण सॉफ्टवेअर पुढे कसं घडवायचं याची चर्चा चालू झाली की त्यातून पाच मुद्दे फुटतात, आणि सरळ रेषेत ते एकमेकांत गुंततात. लांब विषयात पोस्ट पुढे सरकाल तशा लोड होतात, म्हणून कंट्रोल-एफ दाबल्यावर ब्राउझरच्या शोधाऐवजी डिस्कोर्सचा स्वतःचा शोध उघडतो. दोनदा दाबलं की ब्राउझरचा येतो. कळांची सवय असलेल्या माणसाला हे खटकतं. मला आजही खटकतं.

मोठ्या प्रकल्पांनी काय केलं ते पाहिलं की हा फरक नीट उमगतो. पायथनने २०१८ मध्ये डिस्कोर्स सुरू केलं आणि २०२२ मध्ये पायथन-डेव्ह या जुन्या लिस्टवरची चर्चाही तिकडे नेली. त्याच वर्षी कंपायलर बनवणाऱ्या एलएलव्हीएमने आपल्या लिस्टवरची चर्चा डिस्कोर्सवर हलवली, आणि लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या ग्नोमनेही आपल्या लिस्ट बंद करून तोच रस्ता धरला. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या वापरकर्त्यांचा फोरमही डिस्कोर्सवरच आहे. उलट लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा), पोस्टग्रेस आणि लिनक्सवर आधारित डेबियन हे प्रकल्प लिस्टवर ठाम आहेत, आणि त्यामागे हट्ट नाही, कामाची पद्धत आहे. कर्नलमध्ये पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, मेलनेच येतो, त्याच्या ओळींखाली मेलमध्येच टीका लिहिली जाते. पोस्टग्रेसमध्ये पॅचची तपासणी ज्या वेब अॅपवर चालते ते मेलच्या थ्रेडशी जोडलेलं असतं. डेबियनच्या बग नोंदीला स्वतःचा मेल पत्ता असतो. जिथे मेल हेच कामाचं हत्यार आहे तिथे मदतही मेलवर राहणं स्वाभाविक आहे. ज्या सॉफ्टवेअरचे वापरकर्ते प्रोग्रामर नाहीत, तिथे हा युक्तिवाद लागू पडत नाही.

मधला रस्ता शोधणाऱ्यांसाठी मेलमन ३ आहे. ते २०१५ मध्ये आलं. त्याचं हायपरकिटी हे अर्काइव्ह पायपरमेलपेक्षा पुष्कळ पुढचं आहे: शोध आहे, महिन्याची भिंत नाही, ब्राउझरमधूनच उत्तर देता येतं. २.१ मालिका पायथन २ वर चालते आणि पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, त्यामुळे लिस्टवरच राहायचं असेल तरी ३ कडे जावंच. मात्र मथळा दुरुस्त करणं, ‘उपाय’ची खूण, प्रश्नाचा साचा या गोष्टी तिथे नाहीत, आणि मदतगटाला हव्या असतात त्या नेमक्या याच.

सर्व्हरचा मुद्दा थोडक्यात. जुनं मेलमन जवळजवळ कुठेही चालायचं. डिस्कोर्स डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनातच बसवायचं असतं, किमान १ जीबी मेमरी आणि जोडीला स्वॅप (मेमरीसारखी वापरली जाणारी डिस्कवरची जागा) लागतो, २ जीबी असेल तर बरं. बाहेर जाणारी मेल नीट पोचेल अशी सेवा दोन्हीकडे लागतेच. अद्ययावत करणं सोपं आहे, बहुतेक वेळा ब्राउझरमधूनच होतं.

आठवणीचं काय, हा प्रश्न मात्र मी थोडक्यात सोडणार नाही. याहू ग्रुप्सवर असंख्य मदतगट होते. २०१९ च्या अखेरीस तिथला जुना मजकूर काढून टाकला गेला आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये सेवाच बंद झाली. असंख्य लिस्टचं अर्काइव्ह वेबवर दाखवणारं ग्मेन २०१६ मध्ये वेबवरून गेलं. लिस्टची ताकद अशा वेळी दिसते: प्रत्येक जुन्या सभासदाकडे आपापली प्रत असते, आणि एमबॉक्स ही साधी मजकुराची फाइल कुठल्याही साधनाने वाचता येते. कर्नलचं लोअर हे अर्काइव्ह ज्या पब्लिक-इनबॉक्स या सॉफ्टवेअरवर चालतं ते तर संदेश गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात ठेवतं, म्हणजे कुणीही अख्खं अर्काइव्ह उतरवून घ्यावं. डिस्कोर्सचा बॅकअप पूर्ण असतो, पण तो प्रशासकाच्या हातात असतो. बॅकअपच्या सॉफ्टवेअरचा गट म्हणून आम्ही हे गांभीर्याने घेतलं: प्रती दोन वेगळ्या माणसांकडे, वेगळ्या ठिकाणी ठेवतो, आणि अधूनमधून रिकाम्या सर्व्हरवर उभ्या करून बघतो. जो बॅकअप परत उभा करून पाहिलेला नाही त्यावर विसंबू नये, हे आम्ही लोकांना रोज सांगतो.

चॅटबद्दल विचारणा होते म्हणून सांगते. स्लॅक किंवा डिस्कॉर्डवर मदत देणं जिवंत वाटतं, उत्तर पटकन मिळतं. पण ते संभाषण सर्च इंजिनला दिसत नाही, आणि स्लॅकच्या फुकट योजनेत ९० दिवसांपलीकडचे संदेश वाचताच येत नाहीत. तिथे दिलेलं उत्तर एकाच माणसाच्या उपयोगी पडतं. उत्तर देणाऱ्याचे श्रम असे वाया जाणं मला बघवत नाही. गप्पांसाठी चॅट ठेवा, मदतीसाठी नको.

तर शिफारस अशी. मदतीसाठी डिस्कोर्स घ्या, साचे आणि सॉल्व्ह्ड लावून, मेलची सगळी दारं उघडून. सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांची चर्चा लिस्टवर नीट चालू असेल तर तिला हात लावू नका. दोन्ही एकाच ठिकाणी असलंच पाहिजे असं काही नाही. आणि जुनं अर्काइव्ह आत आणा. डिस्कोर्समध्ये एमबॉक्स आयात करणारी स्क्रिप्ट आहे, ती मेसेज-आयडीवरून थ्रेड जुळवते आणि जुन्या प्रेषकांची खाती तयार करते. आयातीआधी एमबॉक्समधले पासवर्ड, फोन नंबर शोधून काढा. आयातीनंतरही जुनी पायपरमेलची पानं आहे त्याच पत्त्यावर, फक्त वाचण्यापुरती, चालू ठेवा, कारण जगभरच्या सूचनापुस्तिकांत, कोडमधल्या टिपणांत आणि जुन्या उत्तरांत त्या पानांचे दुवे विखुरलेले असतात आणि त्यावर रोज कुणी ना कुणी येत असतं.